जिमसाठी विमा निवडताना: माझा अनुभव

जिम सुरू केली त्या वर्षी मी विमा घेतला होता, पण तो निवडला होता असे म्हणता येणार नाही. जागेच्या मालकांनी भाडेकरारात विम्याची अट घातली होती, यंत्रांसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही विम्याचा कागद हवा होता, आणि एजंटने समोर ठेवलेल्या दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत आग, चोरी, काचेची मोडतोड आणि त्रयस्थांप्रति दायित्व (बाहेरच्या माणसाच्या नुकसानीची जबाबदारी) हे सगळे शब्द दिसल्यावर मी निर्धास्तपणे सही केली. सोबतच्या जाड पुस्तिकेतले मी पहिले पान तेवढे वाचले, कारण त्यावर माझे नाव आणि विम्याची रक्कम होती.

दुसऱ्या वर्षी लॅट पुलडाउन यंत्राची केबल तुटली आणि बार डोक्यावर आदळून एका सभासदाला ३ टाके पडले. त्यांनी उपचारांच्या खर्चापलीकडे काहीही मागितले नाही. मी दावा दाखल केला आणि विमा कंपनीने पुस्तिकेतल्या एका कलमावर बोट ठेवून तो नाकारला. जागेत आलेल्या त्रयस्थाच्या दुखापतीला संरक्षण होते, मात्र व्यायाम, खेळ किंवा शारीरिक प्रशिक्षणात भाग घेत असलेल्या व्यक्तीची दुखापत त्यातून वगळलेली होती. जिममध्ये व्यायामाखेरीज दुसऱ्या कशासाठी कोण येते? कुरिअर द्यायला आलेला माणूस पायरीवरून घसरला असता तर माझी पॉलिसी उपयोगी पडली असती. म्हणजे इतके दिवस मी हप्ता भरत होते तो त्याच्यासाठी. कंपनीचा राग आला खरा, पण कलम कोणी लपवलेले नव्हते आणि दुकानासाठी केलेली पॉलिसी दुकानापुरती बरोबरच होती. टाक्यांचा खर्च मी पदरचा दिला आणि नूतनीकरणाला ४ महिने उरले असताना सगळे पहिल्यापासून करायला घेतले.

या वेळी मी एका ब्रोकरकडे गेले. एजंट विमा कंपनीच्या वतीने काम करतो आणि ब्रोकर ग्राहकाच्या वतीने, एवढा साधा फरकही तोवर मला ठाऊक नव्हता. त्यांनी कोणत्याही कंपनीचा दर सांगण्याआधी मला एक काम दिले: जिम उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे जे जे चालते ते आठवडाभर लिहून काढायचे. वजने, यंत्रे आणि ट्रेडमिल हे मी डोळे मिटूनही लिहू शकले असते. पण त्यापुढे संध्याकाळचा किकबॉक्सिंगचा वर्ग, मोकळ्या मैदानावर भरणारा धावण्याचा गट, १६ वर्षांखालील मुलांची तुकडी, स्टीम रूम, काउंटरवर विकली जाणारी प्रोटीन पावडर, भाड्याने आणलेल्या २ ट्रेडमिल, बोटाच्या ठशाने उघडणारे दार आणि त्यामुळे आमच्याकडे साठलेली सभासदांची माहिती, आणि पहाटेचा तो एक तास, ज्यात सभासद स्वतःच दार उघडून येत आणि कर्मचारी कोणीच नसे, अशी यादी वाढत गेली. आधीच्या प्रस्ताव अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मी ‘फिटनेस सेंटर’ एवढे दोनच शब्द लिहिले होते. विम्याचा करार परम सद्भावावर, म्हणजे सगळे खरे आणि पूर्ण सांगण्यावर, उभा असतो आणि जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट सांगायची राहिली तर कंपनीला दावा नाकारायला आधार मिळू शकतो, हे कळल्यावर त्या दोन शब्दांची मला भीतीच वाटली.

सर्वांत जास्त वेळ दायित्वाच्या भागाने घेतला. केबल तुटणे किंवा ओल्या फरशीवरून घसरणे हे जागेशी आणि साधनांशी निगडित, म्हणजे सार्वजनिक दायित्व झाले. मणक्याचा त्रास असलेल्या माणसाला ट्रेनरने डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून जड वजन उचलण्याचा व्यायाम, करायला लावले आणि त्याचे दुखणे वाढले, तर तो व्यावसायिक सल्ल्यातला दोष ठरतो आणि त्यासाठी व्यावसायिक दायित्वाची वेगळी पॉलिसी किंवा वेगळा विभाग लागतो. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट असते. बार निसटला तो झिजलेल्या पकडीमुळे की ट्रेनरने चुकीचे वजन लावल्यामुळे, यावर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसू शकतात. म्हणून दोन्ही संरक्षणे एकाच कंपनीकडून घ्यायची असे मी ठरवले. भरपाईची दर घटनेमागची मर्यादा आणि वर्षभराची एकूण मर्यादा वेगवेगळ्या असतात, आणि वकिलाचा खर्च त्या मर्यादेतूनच वजा होतो की तिच्यावर वेगळा मिळतो, याने कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन पॉलिसींमध्ये मोठा फरक पडतो.

मला उमजायला वेळ लागला तो मुद्दा काळाचा होता. काही पॉलिसी घटना कधी घडली ते पाहतात, तर काही दावा कधी आला ते पाहतात. खांदा दुखावलेला सभासद वर्षभर उपचार घेऊन मग नोटीस पाठवू शकतो. पहिल्या प्रकारात घटनेच्या दिवशी पॉलिसी चालू असली की पुरते. दुसऱ्या प्रकारात दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते आणि घटना पॉलिसीत नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. व्यावसायिक दायित्वाचे संरक्षण बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. त्यामुळे पुढे कधी कंपनी बदलली तर ती तारीख जशीच्या तशी पुढे न्यायला हवी, अन्यथा मधली वर्षे उघडी पडतात.

ट्रेनरांच्या बाबतीत मी बिनधास्त होते, कारण चौघांच्याही करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असे लिहिले होते. ब्रोकरांनी विचारले, त्यांच्या वेळा कोण ठरवते, शुल्क कोण ठरवते, दुसऱ्या जिममध्ये शिकवायची त्यांना मोकळीक आहे का? दोघांच्या बाबतीत तिन्ही उत्तरे माझ्याकडेच येत होती, म्हणजे करारात काहीही लिहिलेले असो, ते कर्मचारी ठरण्याचीच शक्यता जास्त होती. कर्मचाऱ्याला काम करताना झालेली दुखापत सार्वजनिक दायित्वात धरली जात नाही. तिच्यासाठी मालकाच्या दायित्वाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्या दोघांना मी रीतसर नोकरीत घेतले, आणि उरलेल्या दोघांकडून त्यांच्या स्वतःच्या विम्याची व प्रशिक्षण प्रमाणपत्रांची प्रत मागून घेतली.

मालमत्तेच्या भागात माझी चूक हिशेबाची निघाली. यंत्रांची किंमत म्हणून मी हिशेबवहीतली, म्हणजे घसारा वजा केलेली रक्कम लिहिली होती. पॉलिसी नव्या यंत्राच्या किमतीने भरपाई देणारी असेल तर विमा रक्कमही नव्या किमतीचीच हवी. ती प्रत्यक्ष किमतीच्या ६० टक्केच असेल, तर सरासरीच्या कलमानुसार अर्धवट नुकसानीतही ६० टक्केच मिळतात आणि उरलेले ४० टक्के आपल्या माथी येतात. अर्धी जिम वाचली म्हणून पूर्ण भरपाई मिळेल हा समज खोटा ठरतो. रबरी फरशी, भिंतभर आरसे आणि मधले पार्टिशन मी स्वतः बसवले होते, पण ते माझ्या पॉलिसीतही नव्हते आणि मालकांच्याही नव्हते. यंत्रांच्या बिघाडाचे जादा संरक्षण मात्र मी नाकारले. ट्रेडमिलची मोटर बहुतेक वेळा झिजून जाते, आणि झीज त्यातही वगळलेलीच असते. देखभालीचा करार मला जास्त उपयोगाचा वाटला.

व्यवसाय बंद पडल्यास बुडणाऱ्या उत्पन्नाचा विमा आपल्याला २०२० सारख्या टाळेबंदीत तारेल, अशी माझी समजूत होती. मुळात तो बहुधा आगीसारखे प्रत्यक्ष भौतिक नुकसान झाले तरच लागू होतो, आणि याच मुद्द्यावर त्या काळात असंख्य दावे अडले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२१ रोजी विमाधारकांच्या बाजूने बराचसा कौल दिला, तोही त्या त्या पॉलिसीत रोगासंबंधी किंवा प्रवेशबंदीसंबंधी असलेल्या विशिष्ट कलमांच्या शब्दरचनेवरून. मी हा विमा घेतला, पण भरपाईचा कालावधी ३ महिन्यांऐवजी १२ महिन्यांचा ठेवला, कारण दुरुस्ती ६ आठवड्यांत झाली तरी दुसरीकडे गेलेले सभासद दार उघडल्याच्या दिवशी परत येत नाहीत.

सभासदांकडून सही करून घेतलेले जबाबदारीमुक्तीचे पत्र असताना एवढे कशाला, असा प्रश्न मी वकिलांना विचारला होता. असे पत्र निष्काळजीपणाची जबाबदारी पुसून टाकेल यावर विसंबू नका, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही धोक्याची कल्पना दिली होती याचा तो पुरावा असतो. त्याच्याच जोडीला मी पार-क्यू नावाने ओळखली जाणारी आरोग्याची प्रश्नावली प्रत्येक नव्या सभासदाकडून भरून घेऊ लागले.

शेवटी ३ प्रस्ताव हाती आले. सर्वांत स्वस्त प्रस्तावात लढाऊ खेळ वगळलेले होते आणि जिम उघडी असेल तोवर प्रशिक्षित कर्मचारी हजर असलाच पाहिजे अशी हमी मागितली होती. ती मोडली तर संरक्षणच धोक्यात आले असते. मधला प्रस्ताव मी स्वीकारला. त्यात सभासदांच्या व्यायामातील दुखापती स्पष्ट शब्दांत समाविष्ट होत्या, मैदानावरचा गट आणि मुलांची तुकडी नोंदवलेली होती, आणि किकबॉक्सिंगमध्ये पॅडवर ठोसे मारण्याच्या सरावाला संरक्षण होते, प्रत्यक्ष झुंजीला नव्हते. झुंज मी बंद केली. पहाटेचा कर्मचारीविरहित तासही बंद केला, कारण त्यासाठीचा जादा हप्ता त्या तासाच्या उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. चार सभासद त्यामुळे नाराज झाले आणि एक सोडून गेला. कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर ‘ते धरलेलेच आहे’ असे स्टीम रूमबद्दल सांगितले, तेव्हा मी तेच पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत लिहून मागितले. ती यायला ९ दिवस लागले, आणि तोवर स्टीम रूमला मी कुलूप लावून ठेवले.

गेल्या महिन्यात स्टेपवरून उतरताना एका सभासदाचा पाय मुरगळला. बर्फ लावून त्या हसतच घरी गेल्या आणि त्यांनी काही मागितलेले नाही. पण पुढे दावा होऊ शकेल अशी कोणतीही घटना लगेच कळवावी अशी पॉलिसीची अट आहे, म्हणून त्याच संध्याकाळी मी कंपनीला लेखी कळवले आणि उत्तरात आलेला संदर्भ क्रमांक केबल तपासणीच्या वहीत त्या तारखेसमोर लिहून ठेवला.