सात हजार फुटांवरची गवताची धावपट्टी : माझा अनुभव

कळसूबाई ५,४०० फूट. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातली स्मायली क्रीकची धावपट्टी ७,१६० फुटांवर. म्हणजे कळसूबाईच्या देवळाच्याही वर अजून साडेसतराशे फूट जायचं आणि तिथे गवतात विमान उतरवायचं. मी नाशिकची, कॉलेजात असताना कळसूबाईच्या शिड्या धापा टाकत चढलेली, त्यामुळे हा आकडा माझ्यासाठी नुसता नकाशावरचा राहिला नाही, माणसाला तिथे दम लागतो तर इंजिनालाही लागणारच की.

आम्ही बॉयसीला राहतो. लायसन्स इथेच काढलं, शहराजवळच्या डांबरी धावपट्टीवर, उंची साधारण अडीच हजार फूट. ज्या क्लबचं विमान मी भाड्याने घेते त्यांचा नियम सरळ आहे, डोंगरातल्या कच्च्या पट्ट्यांवर जायचं तर आधी माउंटन इन्स्ट्रक्टरबरोबर चेकआउट, म्हणजे सरावाचं उड्डाण आणि परीक्षा, करायचा, त्याने लॉगबुकात सही केल्याशिवाय विमानाची चावी मिळत नाही. आयडाहोत अशा गवताच्या नि मातीच्या पट्ट्या ढिगाने आहेत, बऱ्याच सरकारच सांभाळतं, आणि इथले लोक विकेंडला तंबू टाकून तिथे राहायला जातात. नवऱ्याला कॅम्पिंगचं वेड, मला विमानाचं, त्यामुळे हे कधीतरी करायचंच होतं.

इन्स्ट्रक्टर सत्तरी ओलांडलेले, बोलणं कमी, डोक्यावर कायम तीच मळकी टोपी. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणायचे. सुरुवात त्यांनी गार्डन व्हॅलीच्या पट्टीवर केली, ती ३,१७७ फुटांवर, भरपूर लांब, छान गवत. तिथे फक्त गवताची सवय करून घेतली. गवतावर ब्रेक म्हणजे आहेत पण नाहीत असं समजायचं, दव असेल तर चाक नुसतं घसरतं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये तर कोरड्या गवतासाठीसुद्धा उतरल्यानंतरची धाव ४५ टक्के वाढवून धरायला सांगितलंय, ओल्या गवताचा हिशोब मग आपणच करायचा. पुढचं चाक जमिनीवर आदळू द्यायचं नाही, योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पोटाशी ओढून धरायचं, आणि मऊ जागेत थांबायचं नाही कारण थांबलं की पुन्हा हलवायला इतकी पॉवर लागते की प्रॉपेलर खडे उचलून स्वतःवरच मारून घेतो. हे सगळं सरावाने जमतं, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

खरी गंमत उंचीची आहे.

मला वाटलं होतं की अवघड पट्टी म्हणजे दरीत लपलेली, दोन्ही बाजूंना कडे, वळणावर अचानक दिसणारी. स्मायली क्रीक तशी अजिबात नाही. सॉटूथ डोंगररांगेच्या पायथ्याशी मोकळीढाकळी दरी, सॅमन नदी इथेच कुठेतरी वर उगम पावते, बाजूने हायवे ७५ जातो, आणि पट्टी ४,९०० फूट लांब. फोटो बघून मी म्हटलं हे काय, हे तर आमच्या रोजच्या फील्डसारखंच आहे. आजोबा म्हणाले, "म्हणूनच तुला तिथे नेतोय. दरी दिसली की माणूस आपोआप घाबरतो आणि जपून वागतो. इथे घाबरवायला काही नाही, आणि विमान मात्र बदललेलं असतं."

आदल्या रात्री त्यांनी मला कागदावर हिशोब करायला लावला, ॲप बंद. तापमान उंचीप्रमाणे हजार फुटांना साधारण दोन अंशांनी उतरतं, समुद्रसपाटीला १५ धरलं तर ७,१६० फुटांवर नेहमीचं मानलेलं तापमान जेमतेम १ अंश. त्याच्यावरच्या प्रत्येक अंशामागे पट्टीच्या उंचीत १२० फूट मिळवायचे, मग येते ती डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाला हवा किती उंचीवरच्यासारखी विरळ वाटतेय ते. सकाळी ६ अंश असतील तर ७,७६० फूट. दुपारी २५ अंश झाले की १०,०४० फूट. पट्टी तीच, विमान तेच, दिवस तोच, आणि दुपारी विमानाला वाटणार की आपण दहा हजार फुटांवरून उडायचा प्रयत्न करतोय. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे आमच्या सेस्ना १८२ चे २३० हॉर्सपॉवर दुपारी १६० च्या आसपास. उरलेला वेळ मी फक्त "सकाळी लवकर, सकाळी लवकर" एवढंच घोकत होते.

आणि विमान हलकं ठेवायचं. टाक्या गच्च भरायच्या नाहीत, जायला यायला आणि वर राखीव लागेल एवढंच पेट्रोल, तेही वरती भरायची सोय नाही असं धरूनच. माझी बॅगही त्यांनी वजन काट्यावर ठेवली. आत आईने पाठवलेल्या चिवड्याचा डबा होता, तो राहू दिला.

उजाडता उजाडता निघालो. सरळ डोंगररांग ओलांडून गेलं तर जवळ पडतं पण तिथली शिखरं दहा हजारांच्या वर, म्हणून हायवे २१ धरून लोमन, मग बॅनर समिट, मग स्टॅनली, आणि तिथून दक्षिणेला दरी धरून वर. खाली रस्ता असला की बरं वाटतं. वाटेत साडेनऊ हजारांवर असताना आजोबांनी एक प्रयोग करायला लावला जो मी जन्मात विसरणार नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा नॉब, पूर्ण आत, आणि हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा मिक्स्चरचा लाल नॉबही हळूहळू पूर्ण आत, म्हणजे पेट्रोल भरपूर. खाली शिकताना हेच घोटून घेतलेलं असतं, उतरायच्या आधी मिक्स्चर फुल रिच. इथे ते केलं आणि इंजिन घरघरायला लागलं, आवाज जाड झाला, सीटखाली थरथर जाणवायला लागली, ताकद स्पष्ट उतरली. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, जळणार कसं. नॉब थोडा बाहेर ओढला की लगेच आवाज साफ. "आता हेच जमिनीपासून दोनशे फुटांवर, समोर हरीण आलं म्हणून तू गो-अराउंड करतेयस असं समज," एवढंच म्हणाले. गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पूर्ण ताकदीने परत वर जाणं. त्यामुळे मिक्स्चर तिथल्या उंचीला जमवून ठेवायचं आणि उतरताना त्याला हातच लावायचा नाही.

स्टॅनली मागे टाकलं आणि उजवीकडे सॉटूथचे दात दिसायला लागले, ऊन नुकतंच टोकांवर आलेलं. फोटो काढायची सक्त मनाई होती. पट्टी लांबूनच दिसली, आजूबाजूच्या कुरणापेक्षा जरा हिरवी, कडेला पांढऱ्या खुणा. आधी वरून एक चक्कर मारली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक बघितला, गवतात जनावरं आहेत का ते बघितलं. सकाळी थंड हवा दरीतून खालच्या अंगाला वाहते, म्हणजे आग्नेयेकडून वायव्येकडे, आणि आम्ही १४ नंबरच्या धावपट्टीवर म्हणजे दरीच्या वरच्या अंगाला तोंड करून उतरणार, त्यामुळे हा वारा समोरून मिळतो. दुपारी उलटं होतं, ऊन तापलं की वारा दरी चढायला लागतो आणि तोच पाठीमागून ढकलतो. म्हणजे दुपारी विरळ हवा आणि वर पाठचा वारा, दोन्ही एकदमच. टॉवर वगैरे काही नाही, रेडिओवर आपणच "स्मायली क्रीक ट्रॅफिक" म्हणून सांगत राहायचं, ऐकायला कोणी असो नसो.

डाउनविंडला, म्हणजे उतरायच्या आधी पट्टीला समांतर उलट्या दिशेने जातात तिथे, आले आणि तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आजोबा काय म्हणत होते. काट्यावर वेग रोजचाच, पण खालचं कुरण भराभर मागे पळत होतं. स्पीडचा काटा हवेचा दाब मोजतो, विरळ हवेत तोच दाब मिळायला विमानाला जास्त जोरात जावं लागतं. सकाळच्या थंडीतसुद्धा काटा ६० नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग ६७ च्या वर असतो. पंखांना फक्त काट्यावरचे ६० कळतात, स्टॉल होणार, म्हणजे पंखांची उचल सुटणार, तोही काट्यावरच्या नेहमीच्याच आकड्याला. पण डोळ्यांना ६७ दिसतात आणि डोळे ओरडायला लागतात की आपण फार जोरात आहोत, नाक वर घे, हळू कर. तिथे डोळ्यांचं ऐकलं की माणूस काट्यावर ५०-५२ वर येतो आणि मग संपलंच.

दुसरी गोष्ट वळणाची. खरा वेग १२ टक्के वाढला की वळणाचा घेर चौपटीने नाही पण वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे पाव भागाने मोठा. रोजच्या अंतरावरून बेसला, म्हणजे पट्टीकडे आडवं, आणि मग फायनलला, म्हणजे पट्टीच्या सरळ रेषेत, वळलं तर विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडेच जातं, मग पाय आपोआप रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक आत ओढायला जातो, जमिनीजवळ हळू असताना हे करणं म्हणजे स्पिनला, गिरक्या घेत खाली कोसळायला, आमंत्रण. म्हणून आजोबांनी डाउनविंडच बाहेरून घ्यायला लावला, एवढा बाहेरून की मला वाटलं आपण हायवेच्या पलीकडच्या गावाला निघालो. वळण आरामात झालं, फायनल सरळ रेषेत.

फायनलवर आमचं ठरलं होतं की फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या खाली झुकणाऱ्या फळ्या, आधी २० अंशच, कारण पूर्ण फ्लॅप्स लावून या हवेत परत वर जायचं म्हटलं तर विमान नुसतं हवेत तरंगत बसतं. पट्टीच्या अलीकडे कुंपणाची एक रेघ होती, ती ओलांडायच्या आत सगळं जागेवर नसेल तर कारण न शोधता वर जायचं. वेग, उंची, रेषा. कुंपण आलं, तिन्ही बरोबर होतं, मग पूर्ण फ्लॅप्स. आजोबा माझ्याकडे किंवा बाहेर बघतच नव्हते, त्यांनी फक्त बोट स्पीडच्या काट्याजवळ धरलं होतं, काचेला न टेकवता. "साठ. साठ. साठ." दर वेळी मी काट्याकडे बघितलं की खरंच साठ, आणि बाहेर बघितलं की गवत हे एवढं जोरात अंगावर येतंय. मी एकदा ओरडलेच, मराठीतच, "अहो फार जोरात आहे!" त्यांना काय कळणार. "साठ."

थ्रॉटल बंद केलं, नाक धरून ठेवलं. विमान तरंगत राहिलं, रोजच्यापेक्षा बरंच जास्त. सारखं वाटत होतं टेकवून टाकावं एकदाचं. स्टॉल जवळ आल्याची सूचना देणाऱ्या स्टॉल हॉर्नची ती पिपाणी वाजायला लागली आणि मागची चाकं गवतात गेली. मग सगळं अंग हलवणारी खडखड, कच्च्या रस्त्यावर लाल डबा एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखी. योक पोटाशी, पुढचं चाक जमेल तेवढा वेळ हवेत. ब्रेकला पायही लावला नाही, गवतानेच वेग खाल्ला. विमान हळू झालं तेव्हा अर्धीअधिक पट्टी मागे गेली होती, घरच्या डांबरावर एवढ्यात मी दोनदा थांबले असते. कडेच्या गवतात जमिनीतल्या खारींची बिळं दिसत होती, चाक अडकेल एवढी, म्हणून विमान पट्टीच्या मधूनच चालवत नेलं.

उतरल्यावर म्हणाले, "उतरण्याचं अर्धंच काम झालं. जिथून उडता येत नाही अशा जागी उतरता मात्र येतं." मग हायवेपलीकडच्या लॉजमध्ये नाश्ता करता करता टेकऑफचा हिशोब. त्यांचा नियम, निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उडायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद, चर्चा नाही. आमच्यासाठी २,४५० फुटांना ३९ नॉट. मी कडेच्या एका पांढऱ्या खुणेकडे बोट दाखवलं, ते चालत गेले आणि पावलं मोजून खात्री करून आले. सत्तरीचा माणूस, सात हजार फुटांवर, मी आपली चिवडा खात उभी.

तेवढ्यात एक कुटुंब उतरलं, चार माणसं, तंबू, एक कुत्रा, विमान आमच्यापेक्षा कमी ताकदीचं. बाबा उतरले आणि लगेच विचारायला लागले की दुपारी जेवून निघालो तर चालेल ना. आजोबांनी उत्तर दिलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या विमानाचं मॅन्युअल मागून घेतलं आणि बाकावर बसून २५ अंशांचा हिशोब करून दाखवला, त्यात गवताचे टक्के मिळवले. आकडा पट्टीच्या आत बसत होता, पण उडाल्यावर चढण्याचा वेग बघून त्यांची बायकोच म्हणाली की आपण रात्र इथेच राहू, तंबू आहे की.

आम्ही साडेनऊच्या सुमारास निघालो, विंडसॉक लटकलेला, तापमान १३. धावपट्टी ३२, म्हणजे दरी उतरत जाणाऱ्या बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला गॅलेना समिट आहे ८,७०१ फुटांवर आणि तिकडे तोंड करून चढत बसण्यात काही अर्थ नाही. मिक्स्चर जमवलं, ब्रेक सोडले. पांढरी खूण आली तेव्हा काटा ४४ वर होता. विमान उठलं पण लगेच वर ओढलं नाही, गवतावरून दोन-चार फुटांवर धरून वेग घेतला आणि मग चढायला लागलो, हळूहळू, अगदी हळूहळू.

लॉगबुकात सही मिळाली. पण त्याखाली आजोबांनी बारीक अक्षरात लिहिलंय की अरुंद दरीतल्या पट्ट्यांसाठी वेगळा चेकआउट, म्हणजे जॉन्सन क्रीक अजून बाकी आहे. नवऱ्याने तंबू घेऊन ठेवलाय, वजन विचारलं तर सांगत नाहीये.