बेट पाण्याखाली होतं

ऐरोलीत राहायला येऊन मला बारा वर्षं झाली, पण ठाण्याच्या खाडीशी ओळख मुलुंडच्या पुलावर नाकात शिरणाऱ्या वासापुरतीच. ऑफिसमधला एक मित्र दिवागावचा. तो एकदा जेवताना म्हणाला, "खाडीत मधोमध एक बेट आहे, चिखलाचं. पक्षी इतके बसतात की चिखल दिसत नाही." हे तो मार्चमध्ये बोलला होता. मी ते ऑक्टोबरात अमलात आणलं.

वसुबारसेला सुट्टी टाकली. दोन दिवसांसाठी भाड्याने मोठी लेन्स आणली. आदल्या रात्री वाचनही केलं: २०१५ साली खाडीचा हा पट्टा रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य झाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, आणि इथे धाकटा रोहित जास्त, तोच गडद गुलाबी. लेकाला भल्या पहाटे उठवलं. बायको म्हणाली, "उरलेल्या चकल्या तळायच्या आहेत, तुम्ही दोघं जा." शहाणी.

आठच्या सुमाराला मित्राच्या काकांच्या होडीत बसलो. काठावरची तिवरं गळ्यापर्यंत बुडालेली, नुसते शेंडे वर. पाणी सगळीकडे. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "काका, ते बेट कुठंय?"

काकांनी इंजिन बंद केलं आणि बोट खाली दाखवलं. "ह्याच्यावरच हाव आपण."

माझी आजी अलिबागची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे ती येताजाता सांगायची. द्वादशीची पाऊणपट नऊ. म्हणजे मी बरोबर भरती गाठून चिखल बघायला आलो होतो, तेही अमावास्या दोन-तीन दिवसांवर, उधाण चढत असताना. मोबाइलमध्ये सूर्योदयाची वेळ बघितली, ढगांची टक्केवारी बघितली. भरती बघायचं सुचलं नाही.

"आणि फ्लेमिंगो?"

"थंडी परू दे, मंग येतीन."

हेही खरं तर रात्री वाचलं होतं. पाऊस चांगला झाला आणि कच्छच्या रणात पाणी टिकलं की त्यांचा मुक्काम तिकडेच लांबतो. पण सुट्टी मंजूर झालेली, लेन्सचे पैसे भरलेले. अशा वेळी माणूस वाचलेलं मनावर घेत नाही.

तेवढ्यात लेक ओरडला, "बाबा, गुलाबी!" खरंच, दूर तिवरांपाशी गुलाबी काहीतरी हलत होतं. मी लेन्स रोखली, धडाधड वीस-पंचवीस फोटो काढले. होडी जवळ गेली. गणपतीच्या मखराचा थर्माकोलचा तुकडा होता, पाकळ्यांचा रंग अजून शाबूत. त्यावर एक तुतारी उभी; वाद्य नव्हे, पक्षी. पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, खांद्यापाशी पांढरं टोक वर चढलेलं. लाटेबरोबर मखर खालीवर, आणि त्यावर हिची शेपटी वेगळ्याच तालात खालीवर. हिवाळ्यापुरती आलेली पाहुणी. आम्ही दहा हातांवर आलो तरी ती उडाली नाही. लेक चकली खायची विसरून बघत होता. मी मात्र, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात भाड्याचा हिशेब करत होतो.

बाकी मासेमारीच्या डोल जाळ्याच्या खुंटावर एक खंड्या, दोन वंचक बगळे, आणि घारी. घारी आमच्या गच्चीवरूनही दिसतात.

बारा वाजता लेन्स दुकानात परत केली, उरलेल्या दिवसाचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत. तीनच्या सुमाराला मुलुंडला आईकडे फराळ द्यायला निघालो. बस पुलावर चढली आणि लेकाने खिडकीला नाक लावलं. "बाबा, बेट!"

पाणी पार हटलं होतं. खाडीच्या पोटातून लांबलचक राखाडी पाठ वर आली होती, उन्हात चकाकत होती, आणि तिच्यावर तिळासारखे ठिपके. काही पांढरे, काही काळेपांढरे, लांब पायांचे. बहुतेक शेकाटे. की नुसते बगळे? मी मान वळवेपर्यंत मागून डंपर आला आणि खिडकीत त्याचं चाकच दिसू लागलं.

"उतरायचं का?" लेक म्हणाला.

मांडीवर चकल्यांचा डबा होता. पुलावर थांबा नाही.