आईचा अंगठा

कर्नाटकातल्या सीमाभागात, निपाणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. गेल्या नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी तिथंच बसवली. विडी कामगारांच्या फंडातून महिना हजार रुपये पेन्शन मिळते, त्यासाठी दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मशीन काही अंगठा घेईना. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यात, पान दुमडून दुमडून बोटांच्या रेषाच गेल्या आहेत. ओल्या फडक्यानं पुसलं, दुसरी बोटं लावली, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. आई म्हणाली, "मुकादमच बसलाय की गं यात."

ती असं का म्हणाली ते सांगते. कारखान्यात विड्या मोजून घेताना मुकादम मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला टाकायचा. त्यांची मजुरी कापायचा आणि विड्याही ठेवून घ्यायचा. एकदा लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे अण्णा आत शिरले आणि म्हणाले, "खराब हाईत न्हवं? मग मोडा हितंच, आमच्यासमोर." मुकादमानं एकही मोडली नाही. आईचं मत त्या दिवशी ठरलं. मार्क्स कोण ते तिला आजही ठाऊक नाही. 1966 चा विडी कामगार कायदा, फंड, दवाखाना, पोरांची स्कॉलरशिप हे सगळं मात्र अण्णांच्या तोंडून कळलं. माझी नववी-दहावीची पुस्तकं त्या स्कॉलरशिपची.

2004 ला लोकसभेत माकपचे 43 खासदार होते, 2024 ला 4. टीव्हीवर यावर विचारधारेच्या चर्चा चालतात. मला आमचं घर दिसतं. भाऊ विडीतून सुटला, कागलच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागला. ठेकेदार बदलला की फंडाचा नवा नंबर, जुने पैसे अडकलेले. तसल्या पोरांचे कागद रोज माझ्या काउंटरवर असतात. त्या गेटावर लाल बावटा कधी आलाच नाही. इकडं सभेत अजून हजार विड्यांच्या मजुरीवरच भाषण, आणि त्याआधी तासभर अमेरिका. मजुरी वाढायलाच हवी, पण विड्या वळणारी पोरगी आता आमच्या गल्लीत एक उरली नाही.

भाषेचंही आहेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कम्युनिस्ट पुढं होते. शेकापचे एन. डी. पाटील, बेळगावचे कॉम्रेड कृष्णा मेणसे यांच्या तोंडी मजुरी आणि सीमाप्रश्न वेगळे नव्हते. अलीकडं आमच्या हातात पडलेलं पत्रक कन्नडमध्ये होतं. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं त्यात भाकरीचं पीठ चाळलं.

भाऊ भगव्याकडं गेला. निपाणीत विधानसभेला 2013 पासून भाजपच निवडून येतोय, त्यात त्याचंही एक मत. त्याला हिंदुत्वावर दोन वाक्यं बोलायला सांगा, अडखळेल. पण वडिलांना रात्री दोनला कोल्हापूरला न्यायचं होतं तेव्हा गणपती मंडळाच्या पोरानं गाडी काढली होती. मी त्याच्याशी भांडले, पण त्या रात्री मी तरी दुसऱ्या कुणाला फोन केला होता? आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार येतात. "पाच रुपये वाढीव मागायला उन्हात बसलो, हे घरबसल्या," म्हणते आणि जरा ओशाळते. तिनं मत कुणाला दिलं, मी विचारलेलं नाही.

त्याच आठवड्यात अण्णा आले. हयातीचा दाखलाच. त्यांचाही अंगठा दोनदा गेला नाही. मी म्हटलं, "अण्णा, आमच्या आईचं पण असंच झालं. विडीवाल्या सगळ्या बायकांचं होतंय. काढा की एक मोर्चा."

"कुणावर काढायचा?" ते मशीनकडं बघत म्हणाले.

तिसऱ्यांदा ठसा लागला. मी पैसे घेत नव्हते, त्यांनी वीसची नोट काउंटरवर ठेवलीच. आई कशी आहे विचारलं. मत कुणाला दिलं, ते त्यांनीही नाही विचारलं.