दाखवायचे प्राणी, सोडायचे प्राणी

आज जखमी प्राणी बरे करून परत रानात सोडणाऱ्या एका वन्यजीव पुनर्वसन केंद्राच्या दारावरून एका कुटुंबाला परत पाठवताना पाहिलं. "प्राणी दाखवायचेच नाहीत तर केंद्र काढलं कशाला?" वडील तणतणत होते. राग समजू शकते, पण त्यांना हवं होतं ते वन्यजीव शिक्षण केंद्र, जिथे प्राणी लोकांना दाखवायलाच ठेवलेले असतात.

तिथले प्राणी बहुधा कायमचे मुक्कामी. पंख नीट न जुळलेली घार, एका डोळ्याने अधू घुबड, किंवा कुणी हौसेने घरात वाढवल्यामुळे माणसालाच आपलं समजणारं पाखरू. त्यांना नावं असतात, हातमोज्यावर बसायची सवय लावलेली असते, गर्दीची भीती घालवलेली असते.

पुनर्वसनात नेमकं उलटं. माणसाची भीती शाबूत राहायला हवी, कारण सुटल्यावर तीच जीव वाचवते. आपण कितीही मायेने बघितलं तरी जखमी हरणाच्या लेखी आपण शिकारीच. पकडापकडीच्या ताणानेच त्याचे स्नायू निकामी होऊन ते दगावू शकतं. म्हणून झाकलेले पिंजरे, कुजबुजत बोलणं, नावाऐवजी नंबर. काही ठिकाणी पिल्लांना भरवताना पक्ष्याच्या तोंडाची हातबाहुली वापरतात (हे मला फार म्हणजे फार आवडलं!). शिकारी पक्ष्याला सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात उडवून दमसास बघतात, स्वतः शिकार करता येते का तेही तपासतात.

काही संस्था दोन्ही कामं करतात, पण विभाग वेगळे ठेवून.

आणि हो, जखमी पक्षी सापडला तर उचलून थेट शिक्षण केंद्रात नेऊ नका. आधी फोन करा. अनेकांकडे उपचारांची सोय किंवा परवाना नसतो.