तुम्ही विचारलंत म्हणून: पान्यावर साल नसतं, मग वय कसं कळतं?

मी जुने पाने जमवतो, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाकडे जेवायला गेल्यावर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून, मला प्रश्न एकच येतो. हा पाना किती जुना, आणि यावर साल तर कुठेच लिहिलेलं नाही मग तुम्ही साल सांगता ते कशावरून? तोंडी सांगायला बसलं की निम्म्यातच कुणीतरी वाढायला येतं आणि विषय बदलतो, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये पाने धुवून पुसून ठेवत मोठा झालो, आणि आता बरीच वर्षं ओहायोत क्लीव्हलंडजवळ राहतो. हा सगळा पट्टाच हत्यारांचा आहे हो. व्हल्चेक क्लीव्हलंडचे, हर्ब्रँड फ्रीमाँटचे, कॉर्नवेल मोगाडोरचे, गाडीने दोन-अडीच तासांच्या आत सगळं. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा घर विकायचं ठरलं की सगळं सामान मांडून इस्टेट सेल लावतात, आणि बेसमेंटमध्ये हमखास एक कॉफीचा डबा असतो, गंजलेल्या पान्यांनी नि गोट्यांनी भरलेला. (गोटी म्हणजे सॉकेट. आपल्या गॅरेजात हाच शब्द आहे, मीही तोच वापरणार.) माझी गाडी तिथे अडकते ती अडकतेच.

तर मुद्दा असा आहे की पान्याचं साल एका जागी सापडत नाही. एक खूण सांगते की हा अमुक सालाच्या आधीचा नाही, दुसरी सांगते की हा तमुकच्या नंतरचा नाही, आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी रेटत रेटत मध्ये आणायचं. एकाच खुणेवर विसंबून कुणी छातीठोक साल सांगत असेल तर मला ते पटत नाही.

उदाहरण देतो, अगदी अलीकडचं. एका मित्राने जुनं घर घेतलं, बेसमेंटमध्ये आधीच्या मालकाची पेटी तशीच राहिलेली. गणपतीला त्यांच्याकडे गेलो तर वहिनी एक पाना पेपरात गुंडाळून घेऊन आल्या, "भावजी, हे सगळं टाकून द्यायला काढलंय, पण म्हटलं तुम्हाला एकदा दाखवावं." एका बाजूला फिक्स म्हणजे उघडं तोंड, दुसऱ्या बाजूला बंद रिंग, म्हणजे कॉम्बिनेशन पाना. रंग मळकट करडा, क्रोमची चमक नाही. बोटाने चाचपलं तर दांड्यावर अक्षरं लागत होती पण दिसत नव्हती, म्हणून मुलीच्या दप्तरातली पेन्सिल घेतली, पान्यावर कागद ठेवून हलकेच घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. प्लॉम्ब हे नाव उमटलं, मग लॉस एंजेलिस, मग १२१८, आणि डब्ल्यू-एफ अशी दोन अक्षरं.

आता हे वाचायचं कसं बघा. प्लॉम्ब ही लॉस एंजेलिसची कंपनी, १९०७ ची. एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग असा पाना १९३३ मध्ये पहिल्यांदा आपणच काढला असं ते सांगतात, म्हणजे हा त्याच्या आधीचा नाही. दुसरीकडे फिलाडेल्फियात हातोड्या नि कुऱ्हाडी करणारी प्लंब नावाची जुनी कंपनी होती, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पण बोलताना नाव जवळजवळ सारखंच, त्यावरून ट्रेडमार्कचं भांडण कोर्टात गेलं आणि १९४८ च्या सुमारास लॉस एंजेलिसवाल्यांनी हत्यारांवरचं नाव बदलून प्रोटो केलं. म्हणजे प्लॉम्ब नाव असलेला पाना फार नंतरचा नाही. म्हणजे उरली पंधरा वर्षं. मग तो मळकट रंग. दुसऱ्या महायुद्धात निकेल आणि क्रोमियम ही धातू लढाईच्या कामासाठी राखून ठेवलेली होती, हत्यारांना चमकदार मुलामा द्यायला मिळत नव्हती, म्हणून त्या वर्षांतले पाने एकतर कॅडमियमचे करडे, नाहीतर ब्लॅक ऑक्साइडचे काळे, नाहीतर अगदी उघड्या पोलादाचे. डब्ल्यू-एफचा अर्थ संग्राहक वॉर फिनिश असाच लावतात. तेव्हा वहिनींचा पाना १९४२ ते १९४५ मधला. १२१८ हा नंबर ९/१६ इंचाचा, म्हणजे साडेचार सूत, आणि गंमत म्हणजे प्रोटोच्या ९/१६ च्या पान्याचा नंबर आजही तोच आहे. वहिनींनी पाना परत हातात घेतला आणि पेपर टाकून स्वच्छ फडक्यात गुंडाळला.

सूत म्हटलं म्हणून मापाचं सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त लोक गोंधळतात आणि मला सगळ्यात जास्त मजा याच्यात येते. आपल्याकडे इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. जुन्या अमेरिकन पान्यावर १/२ लिहिलेलं असतं, म्हणजे चार सूत, आणि तुम्ही कॅलिपर लावून तोंड मोजलं तर भरतं सात सूत! कंपनी चुकलेली नाही. त्या काळी पान्यावर तोंडाचं माप लिहीत नसत, बोल्टची जाडी लिहीत. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी आट्यांचं नि नटांचं एक माप मांडलं, पुढे त्यालाच युनायटेड स्टेट्स स्टँडर्ड म्हणायला लागले, पान्यावर ते यू.एस.एस. असं येतं. त्यांचा हिशोब सरळ होता, बोल्टच्या जाडीच्या दीडपट घ्या आणि त्यात एक सूत मिळवा. चारची दीडपट सहा, अधिक एक, सात. मग मोटारी आल्या, त्यांना बारीक आट्या आणि लहान डोकी हवी होती, एस.ए.ई. या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचं माप आलं, त्यात त्याच अर्ध्या इंचाच्या बोल्टला सहा सुताचं तोंड. म्हणून पान्यावर १/२ यू.एस.एस. किंवा १/२ एस.ए.ई. असं लिहिलेलं दिसलं की तो साधारण १९२०च्या दशकातला किंवा त्याच्या आधीचा समजून चालायला हरकत नाही, कारण पुढे १९२०-३० च्या दशकांत हळूहळू सगळे थेट तोंडाचंच माप लिहायला लागले. तसंच १९/३२, २५/३२, ३१/३२ अशी विचित्र मापं दिसली तरी टाकू नका, आज त्या मापाचा नट कुठे सापडत नाही पण युद्धाआधीच्या सेटमध्ये ती असायचीच.

मग पेटंट. हे सगळ्यात सोपं, तरी लोक इथेच फसतात. अमेरिकेत पेटंट नंबर १८३६ पासून ओळीने चाललेत, दहा लाखावा १९११ मध्ये, वीस लाखावा १९३५ मध्ये, तीस लाखावा १९६१ मध्ये. एवढे तीन लक्षात ठेवले की कुठल्याही गोटीवरचा नंबर बघून जागच्या जागी अंदाज येतो. १९२७ पर्यंत तर नंबरऐवजी पेटंट मिळाल्याची तारीखच छापायचे, म्हणून नुसती तारीख दिसली की वस्तू जुनी आहे एवढं नक्की. पण पेटंटची तारीख म्हणजे त्या पान्याची जन्मतारीख नाही. पेटंट सतरा वर्षं चालायचं आणि साचा तर त्याहून जास्त. नंबर फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो.

यात एक रॅचेट (गोटी लावून फिरवायचा दांडा) माझ्या फार जवळची आहे. सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने क्राफ्ट्समन या नावाने विकलेली, मागे बोटाने दाबायचं बटण, दाबलं की गोटी आपोआप सुटते. आज हे इतकं सवयीचं आहे की कुणी विचारच करत नाही, पण हे काढलं पीटर रॉबर्ट्स नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने, मॅसॅच्युसेट्समध्ये गार्डनरच्या सीअर्सच्या दुकानात तो कामाला होता. पेटंट ३२,०८,३१८, सप्टेंबर १९६५. सीअर्सने त्याला सगळे मिळून १०,००० डॉलर दिले आणि रॅचेटी विकल्या अक्षरशः कोट्यवधी डॉलर्सच्या, मग तो कोर्टात गेला, आणि १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली तेव्हा त्याची चाळिशी उलटलेली होती. माझ्याकडच्या रॅचेटवर नंबर नाही, पेटंट पेंडिंग लिहिलंय. म्हणजे अर्ज केलेला होता आणि पेटंट हातात यायचं होतं, त्या थोड्याशा काळातली ती आहे. ती मी कुणाला वापरायला देत नाही.

क्राफ्ट्समनचं अजून एक, हे नाव सीअर्सने १९२७ मध्ये ५०० डॉलरला विकत घेतलं आणि पाने स्वतः कधीच घडवले नाहीत, वेगवेगळ्या कारखान्यांकडून करून घेतले. म्हणून नावाच्या आसपासचं बारीक अक्षर बघायचं, व्ही असेल तर तो माल स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंगचा. नावाखाली लांब रेघ ओढलेली असेल तर लोगो जुना, युद्धाच्या आधीचा नाहीतर युद्धकाळातला.

स्नॅप-ऑन या हत्यारांच्या कंपनीने मात्र आपलं काम सोपं करून ठेवलंय, बहुतेक हत्यारांवर वर्षाची एक छोटी खूण असते, आकडा नाहीतर अक्षर. पण घाई करू नका, तोच आकडा दर दहा वर्षांनी परत येतो, फक्त त्याचं वळण बदलतं, चारचं डोकं उघडं की बंद, रेघ सरळ की बाकदार. एकदा मी नुसता आकडा बघून एकाला त्याचा पाना युद्धातला आहे असं सांगून बसलो, आणि घरी येऊन तक्त्याशी ताडून बघितलं तर तो वीस वर्षांनी नंतरचा निघाला. रात्रीच फोन करून सांगितलं, झोप लागली नसती. तेव्हापासून मुलामा आणि खूण एकमेकांशी जुळतात का हे बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

गोट्यांची गोष्ट खरं तर स्नॅप-ऑनपासूनच सांगायला हवी. त्याआधीही सुट्या गोट्यांचे सेट होते, अ‍ॅटलबरोच्या मॉसबर्गचे पत्र्यातून दाबून काढलेले, पातळ भिंतीचे, ते हातात घेतले की हलके लागतात. पण बऱ्याच गॅरेजात गोटी दांड्याला कायमची जोडलेली असे, दहा मापं तर दहा दांडे. मिलवॉकीला जोसेफ जॉन्सन यांनी पाच दांडे आणि दहा गोट्या काढल्या, कुठलीही गोटी कुठल्याही दांड्यावर, पाचात पन्नासाचं काम, ज्या कंपनीत ते होते तिला ही कल्पना नको होती म्हणून १९२० मध्ये विल्यम सायडमन यांना घेऊन स्वतःच सुरू केलं. गोटी हातात आली की मी आधी तिची पाठ बघतो, दांडा बसतो ते भोक. आज १/४, ३/८, १/२ ही चौकोनी मापं ठरलेली आहेत. भोक षटकोनी असेल, किंवा चौकोन ९/३२ चा असेल, म्हणजे आजच्या पाव इंचाच्या दांड्यावर ती गोटी हलते पण बसत नाही, तर मापं ठरायच्या आधीच्या धांदलीतली आहे असं समजायचं.

पुठ्ठ्याचा खोका मिळाला तर तोही फेकू नका. पत्त्यात शहरानंतर एक-दोन आकडी नंबर असेल, शिकागो २४ असं काही, तर तो १९४३ ते १९६३ मधला, कारण पोस्टाचे झोन १९४३ ला आले आणि पाच आकडी झिप कोड १९६३ ला.

आणि कृपा करून, मला दाखवायच्या आधी पाना घासू नका. तारेच्या चाकावर तर अजिबात नको, एकतर खुणा जातात आणि तो करडा मुलामा कॅडमियमचा असेल तर त्याची धूळ विषारी असते. मी सुरुवातीला एक सुंदर गोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली होती, सकाळी गंज गेला तसा मुलामाही गेला, आणि ती युद्धातली होती हे सांगणारी एकमेव गोष्ट तीच होती, अजून वाईट वाटतं. थोडं रॉकेल, जुना टूथब्रश, सुती फडकं, बास. अक्षरं दिसत नसतील तर पांढरा खडू चोळा आणि वरून पुसून घ्या. फोटो दोन्ही बाजूंनी काढा, टॉर्च आडवी धरून, आणि तोंड मोजून माप लिहा.

किंमतही विचारता म्हणून सांगतो, बहुतेक पाने पाच-दहा डॉलरच्या वर जात नाहीत, वहिनींचाही तसाच. मी त्यांना म्हटलं विकू नका. परवा त्यांचा फोन आला, मित्र लॉनमोअरचं पातं बदलत होता, बोल्ट ९/१६ चा, नवीन सेटमधला तेवढाच पाना हरवलेला. मग फडक्यातला काढला, म्हणाल्या, एका झटक्यात सुटला भावजी. आता पेटीतलं बाकीचं बघायला शनिवारी बोलावलंय.