वीस डॉलरचा भार कोणावर?

कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून फास्ट फूड कामगारांचे किमान वेतन ताशी २० डॉलर झाले. त्या वेळी राज्यातील इतर कामगारांसाठी ते १६ डॉलर होते, आणि केंद्रीय कायद्यातला ७.२५ डॉलरचा आकडा तर २००९ पासून जागचा हललेला नाही. देशभरात किमान ६० शाखा असलेल्या साखळ्यांनाच ही वाढ बंधनकारक आहे.

त्यानंतरची चर्चा नोकऱ्या गेल्या की टिकल्या, एवढ्याभोवतीच फिरत राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांना रोजगारात घट आढळली नाही, किमती मात्र सुमारे ३.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. उलट २०२५ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने सुमारे १८ हजार नोकऱ्या घटल्याचा अंदाज मांडला. न्यू जर्सीने १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून रोजगार घटला नसल्याचे दाखवले होते. त्यावरही प्रतिवाद झालाच, आणि कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाल्यावरही तो थांबलेला नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. मॅकडोनाल्ड्ससारख्या साखळीची बहुतेक दुकाने स्थानिक फ्रँचायझीधारक, म्हणजे कंपनीचे नाव वापरण्याचा परवाना घेतलेले व्यावसायिक, चालवतात. पगार ते देतात, आणि मूळ कंपनी मात्र एकूण विक्रीच्या ठरावीक टक्क्याने रॉयल्टी घेते, नफ्याच्या नव्हे. त्यामुळे पगारवाढ भरून काढण्यासाठी भाव वाढवले आणि गिऱ्हाईक टिकले, तर फ्रँचायझीधारकाच्या हाती काहीही उरले नाही तरी कंपनीची रॉयल्टी वाढते. ते जमले नाही तर कामाचे तास कापणे हा त्याच्यासमोरचा सोपा मार्ग असतो, आणि ताशी दर वाढूनही कामगाराच्या आठवड्याच्या कमाईत फारसा फरक पडत नाही. कंपनीला यातले काहीच सोसावे लागत नाही.

कामगार कायद्यांच्या उल्लंघनासाठी मूळ कंपनीलाही जबाबदार धरण्याची तरतूद या विधेयकाच्या आधीच्या मसुद्यात होती. सप्टेंबर २०२३ मधील तडजोडीत कामगार संघटनेने २० डॉलर पदरात पाडून घेताना ती सोडून दिली. वाटाघाटीत काहीतरी सोडावेच लागते हे खरे, पण माझ्या मते कंपन्यांना हा सौदा फारच स्वस्तात पडला. याच कायद्याने नेमलेल्या फास्ट फूड परिषदेला किमान वेतनात २०२९ पर्यंत दरवर्षी कमाल ३.५ टक्के वाढ करता येईल, परंतु त्या वाढीतला वाटा मूळ कंपनीकडून मागण्याची सोय या कायद्यात नाही.