फॉस्फेट पुन्हा 0.24, पण चोर सापडला

माझ्या कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला एक दगड बादलीत ठेवला होता; काल रात्री त्या बादलीतल्या पाण्याची टेस्ट घेतली आणि हॅनावर (फॉस्फरस मोजणारा छोटा मीटर) 41 आलं. 41 पीपीबी (अब्जात भाग) फॉस्फरस, 3.066 ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट साधारण 0.126 पीपीएम (दशलक्षात भाग). ज्या पाण्यात मासा नाही, कोरल नाही, खाण्याचा कण नाही, त्या पाण्यात! वाईट आकडा बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

मागचं रडगाणं थोडक्यात असं: टँकचं फॉस्फेट काही केल्या खाली राहत नाही. नवीन जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरलं की फॉस्फेट 0.24 वरून 0.06 वर येतं आणि त्याची ताकद संपली की पुन्हा जैसे थे. पाव टँक पाणी बदललं तर हिशेबाने 0.18 यायला हवं. येतंही, पण दोन-तीन दिवसांत गाडी मूळपदावर. आरओडीआयच्या (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 0, ताज्या मिठाच्या पाण्यात फॉस्फेट नावालाही नाही. खाणं निम्म्यावर आणलं तर टँग मासा रुसून बसला, आकडा मात्र ढिम्म. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाणं) धुऊन घालायचा सल्ला सगळेच देतात, पण त्या धुवणात फॉस्फरस जातो तो थोडासाच, बाकीचा मायसिसच्या अंगातच असतो. मी धुणं बंद केलंय.

संशय आला तो केसाळ शेवाळामुळे. फ्रॅग रॅक (कोरलचे तुकडे ठेवायची जाळी), पंप, ओव्हरफ्लोचा (पाणी बाहेर उतरायच्या जाळीचा) दात न् दात स्वच्छ. जुन्या टँकमधून आणलेल्या खालच्या दगडांवर मात्र हिरवं रान, आणि वरच्या नव्या दगडांवर तुरळक. उजेड तर वर जास्त पडतो! म्हणून मागचा एक जुना दगड काढला, ब्रशने घासला, ताज्या खाऱ्या पाण्यात दोनदा खळबळून बादलीत ठेवला. खारेपणा 35 पीपीटी (हजारात भाग), 26 अंश, एक छोटा पंप, वर झाकण. शेजारी तसलीच दुसरी बादली, तेच पाणी, तोच पंप, फक्त दगड नाही. दगडाविना बादलीत 1 पीपीबी, म्हणजे मीटरच्या एररमध्येच. दगडाच्या बादलीत 41.

दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यात जास्त असलं की दगड धरून ठेवतो, पाण्यातलं कमी झालं की सोडायला लागतो. वर्षानुवर्षं भरपूर खाणं पडलेल्या टँकमधले हे दगड म्हणजे तुडुंब भरलेलं गोदाम. मी पाणी साफ करत होतो आणि गोदामातून माल सुटत होता. म्हणजे जीएफओ काम करत नव्हतं असं नाहीच, उलट तेच बिचारं एकटं लढत होतं.

टेस्टबद्दल एक सांगायलाच हवं. रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचे किट या रेंजमध्ये निरुपयोगी आहेत. 0.03 आणि 0.1 मधला निळा ओळखणाऱ्याला माझा दंडवत. हॅनाच्या यूएलआर (अगदी कमी रेंजच्या) चेकरलाही ±5 पीपीबी आणि वर 5 टक्के सूट द्यावी लागते, पण क्युव्हेटवर (नमुन्याच्या काचेच्या बाटलीवर) बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर तो याहून मोठी थाप मारतो. मी पावडर घातल्यावर जोरात हलवत नाही, हळूहळू उलटीसुलटी करतो आणि काच मायक्रोफायबरने पुसूनच आत ठेवतो.

दरम्यान डंकन कोरलला दोन नवीन तोंडं फुटली आहेत आणि मागच्या काचेवर कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके दिसू लागलेत. फॉस्फेट 0.24 असतानासुद्धा! अल्क (पाण्याची अल्कलिनिटी) 8.2 वर खिळलेली आहे, त्याचं श्रेय मी डोसिंग पंपाला देतो.

पुढचा बेत लॅन्थनमचा होता; ते फॉस्फेटला धरून त्याचा गाळ करतं. सम्पमध्ये (टँकच्या फिल्टरच्या टाकीत) फिल्टर सॉकवर (गाळणीच्या पिशवीवर) थेंब थेंब सोडायचं असं ठरलंही होतं. पण टँग असलेल्या टँकमध्ये लॅन्थनमचा गाळ सॉकमधून निसटला तर काय, हा विचार झोप उडवतो. शिवाय फॉस्फेट धाडकन पडलं की अॅक्रो कोरलची टोकं पांढरी पडतात, हे जीएफओने दाखवलंय. त्यापेक्षा ज्या मागच्या दगडांवर कोरल नाहीत ते काढून ड्रममध्ये, हीटर आणि पंपासकट, अंधारात ठेवायचे आणि लॅन्थनम तिथेच घालायचं. लॅन्थनममुळे अल्क पडली तर ड्रमची पडेल, आणि शेवाळही मरेल.

हे लिहिता लिहिता आणखी एक डोक्यात आलं. माझं नायट्रेट जेमतेम 2 पीपीएम आहे आणि चेटो (पाणी साफ राहावं म्हणून मुद्दाम वाढवायचं शेवाळ) महिनाभर वाढलेलाच नाही. चेटो फॉस्फेटपेक्षा नायट्रेट कितीतरी जास्त खातो, म्हणजे तो उपाशी बसलाय आणि फॉस्फेट तसंच पडून! सोडियम नायट्रेट घालून 8-10 पर्यंत हळूहळू न्यावं म्हणतो. मग टँकमधल्या उरलेल्या दगडांसाठी जीएफओ थोडंसंच, मंद फ्लोवर.

वाळूचं खातं अजून उघडलेलं नाही. दगड ड्रममध्ये गेले की पेलाभर वाळू त्याच बादलीत टाकून बघणार आहे. कोणी ड्रममध्ये लॅन्थनम वापरलं असेल तर सांगा: सॉक 5 मायक्रॉनचा लावला की 10 चा पुरला, आणि तो किती वेळा तुंबला?